पाच मनात, मग कागद

मंगळवारच्या परीक्षेत धाकटा दीर पास झाला तर थोरल्या वहिनीच्या पदरात नक्की काय पडणार होतं, हे घरात तिच्याशिवाय कुणी मोजलं नव्हतं. तिने मात्र पार शेवटच्या मिलिग्रॅमपर्यंत मोजलं होतं. वजनकाटे दुरुस्त करणाऱ्या घरात एकोणतीस वर्षं काढली की माणसाला ही खोड लागतेच.

आप्पांचा, म्हणजे सासऱ्यांचा, परवाना महिनाअखेर संपत होता आणि अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी तो पुन्हा मिळणार नव्हता. नवऱ्याच्या डोळ्यांचा पडदा अधू झालेला. बारीक पट्टीवरची एक रेघ त्याला दोन दिसायची, त्यामुळे त्याचा अर्ज डोळ्यांच्या तपासणीतच बाद झाला होता. उरला दीर. तो पास झाला की दुकानाच्या दारावरची पाटी टिकणार, आप्पांचं पुटपुटणं थांबणार आणि वहिनीला तीन महिने लेकीकडे बाळंतपणाला जाता येणार. या सगळ्यावर आणखी एक लाभ होता, तो तिने कुणाजवळ बोलून दाखवला नव्हता. नणंदेचं तोंड बंद होणार होतं.

दोन वर्षांपूर्वी नणंद जाता जाता उंबऱ्यात म्हणाली होती, “वहिनी, तुम्ही त्याला सांभाळता, सगळं कबूल. पण सांभाळायचं म्हणजे नुसतं जेवू घालायचं का? तो काही कधी आपल्या पायावर उभा राहायचा नाही.” ते वाक्य वहिनीने जपून ठेवलं होतं. त्याला चोख उत्तर द्यायला तिला दोन वर्षं लागली, आणि वर अकरा आठवडे. त्या अकरा आठवड्यांचं काय, ते येईलच.

रविवारी सकाळी दहाला आप्पांनी सगळ्यांना दुकानात बोलावलं. रंगीत तालीम, असं ते म्हणाले. नणंद आदल्या दिवशीच्या गाडीने येऊन उतरली होती. ती एका शाळेची मुख्याध्यापिका, त्यामुळे कुठल्याही खोलीत शिरली की आधी कोण गैरहजर आहे ते बघायची.

“आमचे परीक्षार्थी कुठे आहेत?”

“हात धुतोय,” वहिनी म्हणाली.

“इतका वेळ?”

“वजनाला हात लावायचा तर हात कोरडे लागतात, वन्सं. तुम्ही याच घरात वाढलात ना?”

“मी वाढले, म्हणूनच विचारतेय. पाण्याचा आवाज पाऊण तास येतोय.”

वहिनीने खुर्च्या पुसायला घेतल्या. पुसून झालेल्याच.

दुकान म्हणजे लांबट खोली. रस्त्याच्या बाजूला काउंटर, त्यावर औषधवाल्यांचे आणि सोनारांचे दुरुस्तीला आलेले काटे, प्रत्येकाच्या गळ्यात चिठ्ठी. भिंतीला कानशी लहानमोठ्या क्रमाने टांगलेल्या, कारण जड भरणाऱ्या पितळी वजनाला कानस मारून जागेवर आणणं हे इथलं अर्धं काम. आणि सगळ्यात आत, दगडी ओट्यावर, काचेच्या पेटीतला मोठा काटा. तो नवऱ्याच्या आजोबांचा. त्याच्याजवळ मोठ्याने बोलायची सोय नव्हती. आणि आजोबांनीच घालून दिलेला एक नियम होता, ‘पाच मनात, मग कागद.’ एकच वजन पाच वेळा ठेवायचं आणि पाच वेळा वाचायचं. दर वेळी आकडा शेवटी थोडा हलतो, तो किती हलतो यावरून काट्याची लायकी ठरते. पण पाचही आकडे होईपर्यंत पेन्सिलीला हात लावायचा नाही. लिहिणाऱ्या हाताने हवा हलते, ओटा हलतो, काटा डळमळतो. पाचही डोक्यात धरायचे आणि मग एकदम उतरवायचे. आप्पांनी साठ वर्षं तसंच केलं. थोरल्याने डोळे जाईपर्यंत तसंच केलं. आणि धाकट्याने तर सातव्या वर्षी ते केलं होतं. वजनं बोटांनी न धरता चिमट्याने धरतात हे शिकल्यावर तो बिस्किटंसुद्धा चिमट्याने खायला लागला, तेव्हापासून त्याचं नाव चिमटा पडलं. पस्तिसाव्या वर्षीही तेच चालू होतं.

चोविसाव्या वर्षी चिमट्याला आवाज ऐकू यायला लागले. गोळ्या सुरू झाल्या आणि दीड वर्षात आवाज गेले. त्याबद्दल घरात कुणाची तक्रार नव्हती. तक्रार होती ती जाताना आवाज आणखी काय काय घेऊन गेले याची. चिमटा बोलता बोलता वाक्याच्या मधोमध थांबायचा, दुकानातून काहीतरी आणायला निघून दारातच उभा राहायचा. परीक्षेचा अर्ज भरल्यावर सराव सुरू झाला, तेव्हा कळलं की पाच काही केल्या राहत नाहीत.

अकरा आठवड्यांपूर्वी दुपारी तो स्वयंपाकघरात आला होता. वहिनी भांडी लावत होती.

“वहिनी, चौथा आत येतो तेव्हा पहिला बाहेर जातो.”

“कोण बाहेर जातो?”

“आकडा. खोली लहान झालीय बघ माझी. तीन माणसं बसतात, चौथा आला की पहिल्याला उठावं लागतं.”

“डॉक्टरीणबाईंना सांगू या की.”

“सांगितलं होतं मागे. त्या म्हणाल्या, आवाज नाहीत ना, मग छान चाललंय. आणि आता सांगितलं तर त्या दादाला विचारणार, दादा ताईला फोन लावणार.” तो खुर्चीवर बसला. “मला तुझ्याशिवाय कुणी काही विचारत नाही ग. ‘गोळी घेतली का?’ एवढंच विचारतात. त्या गोळ्या जड आहेत, वहिनी. डोक्यावर पोतं ठेवल्यासारखं होतं.”

वहिनीने उरलेली ताटं मांडणीवर लावली. मग तोच म्हणाला, “वजन जड भरलं तर आपण काय करतो?”

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. दुसऱ्या कुठल्याही घरात हा विचार इथेच थांबला असता. इथे मात्र भिंतीला कानशी होत्या आणि आतल्या खोलीत अख्ख्या शहरातला सगळ्यात अचूक काटा होता.

गोळ्या दोन. एक संध्याकाळच्या जेवणानंतरची, मोठी, गुलाबी, चकचकीत कवचाची. दुसरी बारकी, पांढरी, दिवसातून दोनदा, हातांची थरथर थांबवायला दिलेली. जड कोणती, हा प्रश्नच नव्हता. गुलाबी भरली सहाशे वीस मिलिग्रॅम. पहिल्या आठवड्यात पंचवीस घासायचे, पुढच्यात पन्नास, असं करत करत उतरायचं ठरलं. चिमटा बारीक कानस धरायचा, वहिनी दाराकडे लक्ष ठेवायची, आणि तोलूनमापून घासलेली गोळी तो तिच्या देखत गिळायचा. उगीच मनाला येईल तसं तोडून टाकायला ते काही अडाणी नव्हते! रोजचं वजन दुरुस्तीच्या नोंदवहीत मागच्या पानावर लिहिलं जायचं. नोंद न करता या दुकानात कशालाही कानस लागत नसे.

तिसऱ्या आठवड्यात चौथा आकडा राहिला. सहाव्यात पाचवा. त्या दिवशी चिमट्याने वहिनीला खांद्याला धरून स्वयंपाकघरात गोल फिरवलं होतं, आणि ती “अरे, कढई, कढई” म्हणत हसली होती. तो आनंद तिने जमेला धरला. नवव्या आठवड्यापासून तो पहाटे तीनला उठू लागला, पंखा बंद करू लागला, ओतलेला चहा न पिता मोरीत टाकू लागला. हे सगळं तिने पाहिलं होतं. पाहिलं, पण मोजलं नाही.

“या, परीक्षार्थी,” नणंद म्हणाली.

चिमटा आला. दाढी केलेली, शर्टाची बटणं गळ्यापर्यंत. हातांचे पंजे धुऊन धुऊन लाल झालेले. थोरला भिंतीला टेकून उभा होता, त्याने सवयीने डोळे बारीक केले.

“झोपलास का रे रात्री?” नणंदेने विचारलं.

“झोपायला काय झालं?”

“तेच विचारतेय, काय झालं?”

“शाळा सुरू नको करूस,” थोरला म्हणाला. “परीक्षा आहे त्याची. आपल्यालाही परीक्षेच्या आधी कुठे झोप लागायची?”

“तुला लागायची. म्हणून तर दहावीला दोनदा बसलास.”

आप्पा हसले. या घरात सगळे हसले की आप्पा सर्वात शेवटी हसायचे, आज पहिल्यांदा हसले, त्यावरून वहिनीने त्यांचं काळीज किती धडधडतंय ते ओळखलं. ते भिंग घेऊन चिमट्याच्या मागे उभे राहिले. आकडे ते स्वतःही मनात धरणार होते.

“चालू.”

चिमट्याने पेटीची काच सरकवली. हातातल्या चिमट्यातलं वजन पारड्यावर इतकं अलगद उतरलं की साखळीसुद्धा हलली नाही. काच बंद. काटा झुलला, थांबला. चिमट्याने पाहिलं, ओठ मिटून घेतले. वजन उचललं, पुन्हा ठेवलं. असं पाच वेळा. वहिनीने श्वास कोंडून धरला होता आणि मधे मधे सोडावा लागत होता. मग त्याने पेन्सिल उचलली आणि न थांबता प्रत्येक वाचनाचे शेवटचे दोन-दोन अंक उतरवले. चौदा, सतरा, चौदा, एकोणीस, सोळा.

आप्पांनी कागद भिंगाखाली धरला. “बरोबर,” ते म्हणाले. मग कागद खाली ठेवून पुन्हा म्हणाले, “पाचही बरोबर.”

वहिनीने नणंदेकडे पाहिलं. दोन वर्षं या एका नजरेसाठी थांबली होती ती, आणि नणंदही काही कोत्या मनाची नव्हती. तिचे डोळे भरले होते.

“मी चुकले, वहिनी,” ती हळूच म्हणाली. “अगदी चुकले. आणि दादा, तू मला फोनवर काय सांगत होतास? जमायचं नाही त्याला, दुकान बंद करून टाकू?”

वहिनीने झटकन नवऱ्याकडे वळून पाहिलं. “असं म्हणालात तुम्ही?”

“म्हणालो असेन.” थोरल्याने मान खाली घातली. “अगं, दमलोय मी. बंद झालं तर झालं, असं वाटलं एखादे दिवशी.”

“आणि मला सांगितलं नाहीत.”

“तू तरी मला सगळं सांगतेस?”

हे तो सहज म्हणाला होता. वहिनीची नजर मात्र भिंतीवरच्या कानशींकडे गेली.

“पुन्हा एकदा,” आप्पा म्हणाले. त्यांचं समाधान झालं नव्हतं असं नाही, त्यांना तो गोडवा पुन्हा चाखायचा होता.

दुसऱ्या खेपेला चिमटा जरा भराभर करायला लागला. तिसऱ्या वाचनाला त्याने मान किंचित कलती केली, एखादा जवळून काही सांगत असल्यासारखी. पाचवं झालं. पेन्सिल उचलली. पंधरा, अठरा, पंधरा, चौदा, सतरा. आणि पेन्सिल थांबली नाही. त्याने सहावा आकडा लिहिला, बावीस.

“सहावा कुठला?” आप्पांनी विचारलं.

“सांगितला ना आत्ता.”

“कुणी?”

“आप्पा, मागे सरका. तुम्ही श्वास घेता, ते तो मोजतोय. तुमचे कमी भरलेत.”

“कोण मोजतोय, बाळा?”

चिमट्याने पेटीकडे बोट दाखवलं नाही. नुसती नजर नेली आणि लगेच काढून घेतली, जणू तिकडे बघणं धोक्याचं होतं. “पहिले पाच मी वाचले. नाही, पहिले तीन. बाकीचे तो सांगतो. चांगला आहे तो, चुकत नाही. पण आता कमी भरलेल्यांची नावं सांगायला लागलाय.”

बाहेरून एक सायकल घंटी वाजवत गेली आणि चिमटा दचकून ओट्याला चिकटला.

नणंद खालच्या आवाजात म्हणाली, “वहिनी, याच्या गोळ्या चालू आहेत ना?”

“चालू आहेत.”

“रोज?”

“रोज. एकही चुकली नाही.”

हे खोटं नव्हतं. वहिनी खोटं बोलणारी बाईच नव्हती. वजन तेवढं तिने सांगितलं नाही.

पण नणंद शाळा चालवणारी. तोंडी उत्तरावर तिने आजवर एकाही पोराला सोडलं नव्हतं. ओट्यावरची नोंदवही तिने उचलली, चाळली, आणि मागच्या पानावर थांबली. तिथे गिऱ्हाइकाचं नाव नव्हतं. नुसत्या तारखा आणि वजनं होती. पाचशे पंच्याण्णव, पाचशे सत्तर, पाचशे पंचेचाळीस. शेवटची कालच्या तारखेची, तीनशे पंचेचाळीस.

“हे काय वजन आहे? दर आठवड्याला हलकं होत जाणारं?”

वहिनीने तोंड उघडलं, पण चिमटाच बोलला. “माझी गोळी आहे ती, ताई. आम्ही कानस मारली.”

“आम्ही म्हणजे?”

“मी,” वहिनी म्हणाली. “मी हो म्हटलं. तो मागत होता, पण तो आजारी आहे आणि मी नाही. तेव्हा मी.”

“वहिनी!” नणंद एवढंच म्हणाली, पण त्या एका शब्दात दोन वर्षांचं सगळं परत आलं, व्याजासकट. “अहो, अर्धी गोळी? कुणाला विचारलंत तुम्ही?”

“कुणाला विचारणार होते? तुम्हाला? तुम्ही म्हणाला असता, ठेवा कुठेतरी नेऊन.”

“मी असं कधीच म्हटलं नाही!”

“राहायला नको होता का तो उभा आपल्या पायावर?”

“ओरडू नका,” चिमटा म्हणाला. त्याने दोन्ही कान दाबून धरले. “ओरडलं की तो लिहितो.”

थोरला भिंतीपासून सुटला. अजूनपर्यंत तो बहिणीच्या बाजूचा होता, निदान टेलिफोनवर तरी. आता तो चाचपडत आला आणि बायकोच्या शेजारी उभा राहिला. “कानशींतली बारीक कानस दोन-अडीच महिने जागेवर नव्हती,” तो म्हणाला. “हाताला कळायचं मला. मीही विचारलं नाही.” मग बहिणीकडे वळला. “तू डॉक्टरीणबाईंना फोन लाव, भांडण मग करू.”

नंबर वहिनीला पाठ होता. तिने तो सांगितला, नणंदेने लावला आणि फोन सगळ्यांना ऐकू येईल असा ओट्यावर ठेवला. डॉक्टरीणबाई रविवारच्या घरी होत्या, मागे कुठेतरी लहान मूल बोलत होतं. त्यांनी रागावणं वगैरे काही केलं नाही, त्यामुळे जास्तच भीती वाटली. झोप किती, जेवण किती, आवाज काय सांगतो, स्वतःला किंवा दुसऱ्याला काही करायला सांगतो का. मग म्हणाल्या, “कोणती गोळी घासलीत?”

“मोठी. गुलाबी.”

“कवचाची? अहो, त्या कवचातच सगळं असतं. ते औषध चोवीस तास थोडं थोडं सुटावं म्हणून ते घातलेलं असतं. पहिल्याच दिवशी तुम्ही ते फोडलंत. म्हणजे औषध एकदम सुटायचं आणि मग पुढच्या गोळीपर्यंत पुरायचं नाही. गोळीचं वजन म्हणजे औषधाचं वजन नव्हे, वहिनी.”

ज्या घरात वजन म्हणजेच सगळं, त्या घरात या वाक्याला बसायला जागाच सापडेना.

“पण त्याला आकडे राहत नव्हते हो,” वहिनी म्हणाली. “तीनच राहायचे. परीक्षा आहे त्याची.”

पलीकडे दार लावल्याचा आवाज आला. “हे मला कधी सांगितलंत?”

“तो म्हणाला होता मागे तुम्हाला.”

“म्हणाला असेल. मी नीट ऐकलं नसेल, ती चूक माझी. हे बघा, थोडा विसर त्या आजाराचाच असतो, गोळी असो वा नसो. थोडा मोठ्या गोळीचा असेल. पण लक्षात राहण्यावर सगळ्यात जास्त पडदा बऱ्याचदा ती दुसरी टाकते, बारकी पांढरी. थरथरीची. ती त्याला आता लागतेय की नाही, हे बघून हळूहळू कमी करता आली असती. माझ्या देखरेखीखाली. कानशीने नव्हे.”

वहिनीने नोंदवहीच्या मागच्या पानाकडे पाहिलं. बारकी गोळी तिने कधी तोललीसुद्धा नव्हती. इतकी हलकी होती ती.

“आता लगेच घेऊन या,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “वाट बघू नका.”

“आणि मंगळवार?” हे आप्पांनी विचारलं. विचारून ते स्वतःच ओशाळले.

“मंगळवार विसरा.”

चिमटा मात्र जागचा हलेना. “मी गेलो तर परत तीनच राहतील,” तो म्हणाला. त्या क्षणी तो अगदी शहाण्यासारखा बोलत होता, हे सगळ्यात वाईट होतं. “तो गेला की माझे पाच जाणार. ताई, मला तीनचा माणूस नाही व्हायचं परत.”

नणंद त्याच्यासमोर गेली, पण हात लावला नाही. “मला एक सांग,” ती म्हणाली. “पाच डोक्यातच का धरायचे?”

“म्हणजे?”

“परीक्षेत तसं मागतात का? कुठे लिहिलंय?”

सगळ्यांनी आप्पांकडे पाहिलं. आप्पा म्हणाले, “लिहायचं काय त्यात? तसंच करतात.”

“परीक्षेचा कागद आला असेल ना काहीतरी? सूचना?”

आला होता. तीन महिन्यांपूर्वी. आप्पांनी तो वाचला नव्हता, कारण जे काम साठ वर्षं केलं त्याच्या सूचना काय वाचायच्या. थोरल्याला वाचता येत नव्हता. चिमट्याचं लक्ष तेव्हा एका ओळीवर टिकत नव्हतं. आणि वहिनीने तो नीट घडी करून खणात ठेवला होता, हरवू नये म्हणून. नणंदेने काढला, चष्मा लावला आणि मुलांच्या वर्गात वाचावा तसा वाचला. “‘प्रत्येक वाचन घेताच उमेदवाराने ते तत्काळ लिहून घ्यावे. स्मरणातून एकत्र लिहिलेली वाचने ग्राह्य धरली जाणार नाहीत.’”

पेटीतला काटा नणंदेच्या आवाजाने थोडा झुलत होता.

“धरणारच नव्हते,” चिमटा हळूच म्हणाला. मग हसला. खरंखुरं हसला, आणि हसताहसता त्याचा चेहरा वाकडा झाला. “ऐकलंस का रे?” तो पेटीला म्हणाला. “तुझे धरणारच नव्हते.”

तेवढ्यावर तो जागचा हलला. एका बाजूने वहिनी, दुसऱ्या बाजूने नणंद, असा तो दारापर्यंत गेला. दारात थांबून त्याने खिशातला चिमटा काढला आणि आप्पांच्या हातात दिला.

चोवीस दिवस तो दवाखान्यात होता. मंगळवार गेला. महिना संपला, परवाना गेला, आणि दुकानाच्या दारावर ‘दुरुस्ती बंद’ अशी चिठ्ठी लागली, ती थोरल्याने आपल्या मोठ्या अक्षरात लिहिली होती. लेकीचं बाळंतपण वहिनीच्या जागी नणंदेने केलं, शाळेची सगळी रजा खर्चून. लेक म्हणाली, आत्या, तू आईपेक्षा जास्त ओरडतेस. नणंदेने ते वहिनीला फोनवर सांगितलं, आणि दोघी पहिल्यांदा एकाच गोष्टीला हसल्या. दोघींमधला हिशेब काही मिटला नाही, नुसता पुढच्या पानावर गेला.

आवाज गेला. जायला वेळ लागला, या खेपेला आधीपेक्षा जास्त, आणि मोठ्या गोळीचं वजनही आधीपेक्षा वाढवावं लागलं. बारकी मात्र डॉक्टरीणबाईंनी दर पंधरा दिवसांनी थोडी थोडी कमी करत नेली. हात किंचित थरथरतो. आकडे तीनच राहतात, कधीकधी चार. पाच कधी राहतील की नाही, ते त्यांनी सांगितलं नाही आणि या वेळी कुणी आग्रहही धरला नाही. पुढची परीक्षा सहा महिन्यांनी.

एका सकाळी वहिनी चहा घेऊन दुकानात गेली, तेव्हा आप्पा काचेच्या पेटीजवळ उभे होते. चिमटा ओट्याशी बसलेला. आप्पांनी, साठ वर्षांत पहिल्यांदा, एक कागद आणि पेन्सिल स्वतःच्या हाताने पेटीच्या अगदी जवळ ठेवली, आणि मागे सरले.

“ठेव. वाच. लिही.”

“आत्ताच?”

“आत्ताच. मग दुसरं.”

चिमट्याने वजन ठेवलं, काच लावली, वाचलं आणि लिहिलं. कागद सरकला, ओटा हलला, काटा डळमळला. तिघंही बघत राहिले. एक, दोन, तीन... वहिनीने मनात मोजलं. आठव्या अंकाला काटा पुन्हा स्थिर झाला.

आठ सेकंद. आजोबांपासूनचा नियम एवढंच वाचवत होता, दर वाचनामागे आठ सेकंद. त्या आठ सेकंदांपायी आप्पांच्या घराण्याचा परवाना गेला, थोरल्याचं दुकान सहा महिने बंद पडलं, नणंदेची रजा गेली, वहिनीला नातवाचे पहिले तीन महिने बघायला मिळाले नाहीत. ही झाली चौघांची बाजू, आणि चौघंही ती कधी ना कधी भरून काढतील. चिमट्याच्या बाजूला अकरा आठवडे होते, चोवीस दिवस होते, वाढलेली गोळी होती आणि पाच आकडे होते. ते कुठून भरून काढायचे, हे वहिनीला त्या दिवशीही माहीत नव्हतं. तिने चहा ओट्यापासून लांब ठेवला. चिमट्याने मान वर न करता विचारलं, “साखर घातलीस ना?” आणि दुसऱ्यांदा वजन उचललं.